नवख्या नगरसेवकासाठी पर्यटन विकास

सर्वप्रथम अभिनंदन. डिसेंबर २०२५ मध्ये नगरपरिषदांच्या आणि नगरपंचायतींच्या निवडणुका एकदाच्या झाल्या. त्याआधी कित्येक गावांत वर्षानुवर्षं प्रशासक होता, म्हणजे गटार तुंबलं तरी शिव्या घालायला हक्काचं माणूस नव्हतं. ती उणीव तुमच्या रूपानं भरून निघाली. तुमच्या जाहीरनाम्यात पाचव्या-सहाव्या क्रमांकावर 'पर्यटनाच्या माध्यमातून शहराचा सर्वांगीण विकास' असं एक वाक्य होतं. घाबरू नका, पडलेल्या उमेदवाराच्या जाहीरनाम्यातही तेच होतं. फरक इतकाच की त्याला ते आता विसरून चालेल.

ही मार्गदर्शिका सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या किनाऱ्यावरची एखादी छोटी नगरपरिषद समोर ठेवून लिहिली आहे. थंड हवेच्या ठिकाणच्या सदस्यांनी 'समुद्र' दिसेल तिथं 'दरी' वाचावं, तीर्थक्षेत्राच्या सदस्यांनी 'मंदिर' वाचावं. बाकी मजकुराला हात लावायची गरज नाही. पर्यटन आराखडे लिहिणारे सल्लागारही असंच करतात.

वेळेची चिंता करू नका. सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून १९९७ साली जाहीर झाला. त्या साली जन्मलेली मुलं आज मुंबईत नोकरी करतात आणि मे महिन्यात चार दिवस पर्यटकासारखी गावी येतात. पर्यटन जिल्ह्याचा हा पहिला ठोस लाभ मानायला हरकत नाही. शिरोड्याजवळ वेळागरला पंचतारांकित हॉटेलासाठी जमीन घेतली गेली ती नव्वदच्या दशकात. तोंडवळी-वायंगणीला 'सी वर्ल्ड' नावाचं सागरी जग उभं राहणार होतं, आधी हजाराहून जास्त एकरांवर, आणि गावकऱ्यांनी विरोध केल्यावर त्याहून बऱ्याच कमी जागेवर. निवतीच्या समुद्रात पाणबुडीतून मासे दाखवायचीही घोषणा होऊन गेली. मासे अजून तिथंच आहेत. सांगायचा मुद्दा, या क्षेत्रात पाच वर्षांत काही झालं नाही म्हणून कोणी तुम्हाला दोष देणार नाही. झालंच तर लोक दचकतील.

जागा कोणाची ते आधी पाहा

पर्यटन विकासाची पहिली पायरी म्हणजे जी जागा विकसित करायची ती आपली नाही हे समजून घेणं.

मालवणला येणारा पर्यटक घ्या. तो येतो सिंधुदुर्ग किल्ला पाहायला. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर या किल्ल्याच्या कामाला सुरुवात केली. बेट कोणाच्या हद्दीत येतं, असा प्रश्न तेव्हा कोणी उपस्थित केल्याची नोंद नाही. आज किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहे. जिथून होडी सुटते तो धक्का आणि होड्यांचे परवाने सागरी मंडळाकडे. बेट वायरी भूतनाथ ग्रामपंचायतीच्या हद्दीत. वाळूवर काही उभारायचं तर सीआरझेडची परवानगी, म्हणजे फाइल मुंबईला. पाण्यात उतरायचं तर १९८७ साली जाहीर झालेलं मालवणचं सागरी अभयारण्य, म्हणजे वनखातं. पर्यटक गाडी लावतो, जेवतो आणि जेवल्यावर पाण्याची रिकामी बाटली टाकतो, ती हद्द मात्र निर्विवादपणे नगरपरिषदेची.

या वाटणीत तुमच्या वाट्याला बाटली आली, हे ध्यानात ठेवा. पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

नवा सदस्य इथं खट्टू होतो. मुरलेला सदस्य खूश होतो, कारण कुठल्याही तक्रारीवर बोट दाखवायला पाच कार्यालयं तयार मिळतात. त्यासाठी तीन वाक्यं पाठ करून ठेवावीत. 'हा विषय आमच्या अखत्यारीत येत नाही.' 'संबंधित विभागाशी पत्रव्यवहार सुरू आहे.' 'साहेबांच्या कानावर घातलंय.' तिसरं वाक्य म्हणताना कुठले साहेब ते सांगू नये. ऐकणारा आपापल्या पक्षानुसार समजून घेतो.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यात आपल्या जिल्ह्यातले दोन, सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग. यात नगरपरिषदेचा हात नसला तरी अभिनंदनाचा ठराव करायला कोणाची हरकत नाही. चौकात फलक लावा. नेत्यांचे, उपनेत्यांचे आणि सौजन्यकर्त्यांचे फोटो लावून जागा उरलीच तर किल्ल्याचाही एक टाकावा.

ठराव आणि पैसे

ठराव सोपा असतो. 'अमुक ठिकाणी पर्यटकांचे सोयीसाठी सुशोभीकरण करणेकामी येणारे खर्चास मंजुरी देणेबाबत' असा विषय आयत्या वेळच्या विषयांत घ्यावा, सूचक आणि अनुमोदक एकाच वॉर्डातले नसावेत म्हणजे गावाचं एकमत झालं असं इतिवृत्तात दिसतं. संपलं.

पैसे मात्र समजून घ्यायला हवेत, कारण गावात काय बांधलं जातं याचं खरं उत्तर तिथं आहे. नगरपरिषदेची स्वतःची कमाई म्हणजे मुख्यतः घरपट्टी आणि पाणीपट्टी. ती पगारात आणि पथदिव्यांच्या बिलात जाते. म्हणून पर्यटनासाठी निधी वरून आणायचा. गावातल्या एखाद्या कातळाला, तळ्याला किंवा देवळाला आधी 'क' वर्ग पर्यटनस्थळाचा दर्जा मिळवा. तो जिल्हा नियोजन समिती देते आणि तिथं पालकमंत्री अध्यक्ष असतात, त्यामुळे निसर्गसौंदर्य कोणत्या वॉर्डात जास्त आहे हे एका बैठकीत ठरतं. त्याच्या वर राज्याची प्रादेशिक पर्यटन विकास योजना आहे, नगरविकास खात्याचा वैशिष्ट्यपूर्ण कामांचा निधी आहे, आणि सर्वांत वर केंद्राची स्वदेश दर्शन योजना. या योजनेत २०१५-१६ साली सिंधुदुर्गच्या किनारी परिक्रमेला ८२ कोटींवर रक्कम मंजूर झाली. शिरोडा, सागरेश्वर, तारकर्ली, विजयदुर्ग, मिठबाव अशी ठिकाणं त्यात होती. नंतरच्या याद्यांत हीच परिक्रमा १९ कोटींवर आलेली दिसते. किनारा तेवढाच राहिला, एवढं समाधान मानायचं.

आता खरी गोम. हे सगळे पैसे बांधकामासाठी असतात. त्यातून पेव्हर ब्लॉक बसवता येतो, त्यावर झाडू मारणाऱ्या बाईचा पगार देता येत नाही. जीवरक्षकाचा मनोरा बांधता येतो, जीवरक्षक ठेवता येत नाही. देखभाल-दुरुस्तीची जबाबदारी स्थानिक संस्थेची, हे वाक्य मंजुरीच्या पत्रात शेवटून दुसऱ्या परिच्छेदात असतं आणि ते मोठ्यानं वाचायची पद्धत नाही. शिवाय निधी हातात पडतो वर्ष सरताना, आणि ३१ मार्चच्या आत खर्च दाखवावा लागतो. महिनाभरात काय होऊ शकतं? निविदा, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेतली नोंद आणि देयक हे सगळं ज्यात बसतं असं एकच काम असतं, ते म्हणजे आधीचे पेव्हर ब्लॉक काढून नवे बसवणं. उगाच तुमच्यावर हौसेचा आरोप होतो.

सल्लागार

मोठ्या रकमेसाठी सविस्तर प्रकल्प अहवाल लागतो. तो करायला पुण्या-मुंबईहून सल्लागार येतो, दोन दिवस राहतो, सुरमई खातो आणि तीन महिन्यांनी दोनशे पानं पाठवतो. पहिल्या पन्नास पानांत जिल्ह्याचा इतिहास असतो, तो तुम्हाला शाळेत होता. चित्रांत हिरवळ, त्यावर गोरी कुटुंबं आणि मागं आपला समुद्र. एखाद्या पानावर दुसऱ्याच शहराचं नाव राहून गेलेलं असतं. सभेत ते पहिल्यांदा जो शोधेल त्याला विरोधी पक्षनेता म्हणून लोक गांभीर्यानं घेऊ लागतात.

अभ्यास दौरा

हा या मार्गदर्शिकेतला सर्वांत लोकप्रिय भाग असल्यानं थोडा विस्तारानं.

दौरा केरळला काढावा. गोवा जवळ आहे, पण जवळ आहे हाच त्याचा दोष. मोपाच्या विमानतळापर्यंत तर आपली माणसं रोज जातात, त्याला अभ्यास म्हणता येत नाही. केरळात कुमारकोमला हाउसबोट पाहतात. पाहावीच. पण त्या गावात अभ्यासण्यासारखी गोष्ट हाउसबोट नव्हे. २००८ पासून तिथं पंचायतीनं आणि कुटुंबश्रीच्या बायकांच्या गटांनी मिळून मोठ्या हॉटेलांना भाजी, अंडी, नारळ, मासे पुरवायची व्यवस्था लावली. दर ठरवले, प्रत ठरवली, कोणत्या दिवशी कोण काय देणार याचं वेळापत्रक केलं. हॉटेलात आलेला पैसा गावाच्या शेतात उतरावा म्हणून पंचायत मध्ये पडली. मालवणात वडे-सागुती आणि सोलकढी जेवणारा माणूस आपल्याकडे भरपूर आहे, पण त्याच्या ताटातली कोंबडी आणि भाजी घाट उतरून येते. हे तपासायला हाउसबोट सोडून स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी उभं राहावं लागतं. दौऱ्याच्या कार्यक्रमपत्रिकेत मागचं दार नसतं.

खर्च टाळायचा असेल तर माथेरानला जा. तिथं दस्तुरीच्या पुढे मोटार जात नाही आणि येणाऱ्या प्रत्येकाकडून नगरपरिषद प्रवासी कर घेते. सदस्य तिथून घोड्यावर बसलेला फोटो आणतात. मोटार बंद ठेवून गाव चालतं कसं, कराचा पैसा जातो कुठं आणि माणसानं माणसाला ओढायच्या हातरिक्षा बंद करा हे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला का सांगावं लागलं, हे तीन प्रश्न घोड्यावर बसून सुचत नाहीत.

कास पठारावर तर नेऊच नये, कारण तिथं सदस्यांच्या मनाला धक्का बसतो. २०१२ साली जागतिक वारशात गेल्यानंतर फुलांच्या हंगामात गर्दी इतकी झाली की दिवसाला तीन हजारांची मर्यादा घालावी लागली, आधी नोंदणी करून या असं सांगावं लागलं, आणि आसपासच्या गावांच्या समित्या ती व्यवस्था पाहू लागल्या. पर्यटकाला 'आज येऊ नका' म्हणायचं! ज्या माणसानं आयुष्यभर 'येवा, कोकण आपलाच असा' एवढंच म्हटलं त्याच्या घशातून हे वाक्य उतरायला वेळ लागतो.

परत आल्यावर अहवाल लिहायचा असतो. मागच्या दौऱ्याचा असेल कपाटात.

काय काय उभारावं

प्रथम सेल्फी पॉइंट. पर्यटक आठ तास प्रवास करून समुद्रासोबत फोटो काढायला येतो. त्याच्या आणि समुद्राच्या मध्ये आपण आपल्या गावाचं नाव, एक बदाम आणि शेजारी निधी कोणाचा ही पाटी उभी करायची. समुद्र अक्षरांच्या फटींतून दिसतो.

नंतर छत्र्या, बाकं आणि ओपन जिम. खाऱ्या हवेत लोखंडाचं काय होतं हे इथल्या प्रत्येक होडीवाल्याला, खिडकीचे गज बदलणाऱ्या प्रत्येक घरमालकाला माहीत आहे. फक्त अंदाजपत्रक करणाऱ्याला माहीत नसतं, कारण दरसूची राज्यभर तीच. दिवाळीत बसवलेला झोपाळा पुढच्या गणपतीत मोडतो. त्यावर 'वापरू नये' अशी चिठ्ठी चिकटवावी. चिठ्ठी गंजत नाही.

त्यानंतर हायमास्ट. वेंगुर्ल्याजवळ वायंगणीच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात आणि गावकरी ती जपतात. अंड्यातून बाहेर पडलेलं पिल्लू उजेडाच्या दिशेनं चालतं. रात्री किनाऱ्यावर सर्वांत उजळ गोष्ट समुद्रच असते, अशी त्याची लाखो वर्षांची समजूत. कासवं येणाऱ्या किनाऱ्यावर हायमास्ट लावला की पिल्लं समुद्राकडे पाठ करून स्वच्छतागृहाकडे निघतात. तिथं कुलूप असतं.

काचेचा पूल सध्या जोरात आहे. वैभववाडी तालुक्यात नापणे धबधब्यावर २०२५ मध्ये झाला, तेव्हापासून प्रत्येक गावाला आपल्या ओढ्याची खोली मोजावीशी वाटते. तुमच्याकडे ओढा नसेल तर खाडी चालेल का, हे सल्लागाराला विचारा. तो हो म्हणेल.

पुतळ्याच्या बाबतीत मात्र ही मार्गदर्शिका थट्टा करत नाही. मालवणच्या राजकोटावर शिवाजी महाराजांचा पुतळा ४ डिसेंबर २०२३ रोजी उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. ते काम नगरपरिषदेचं नव्हतं. पुढच्या वर्षी तिथं नवा, अधिक उंच पुतळा उभारला गेला. समुद्राकाठचा वारा आणि मीठ यांना उद्घाटनाची तारीख कळत नाही, ही गोष्ट मालवणातल्या पोराटोरांना ठाऊक होती. त्यांना विचारायची तरतूद कोणत्याच कार्यपद्धतीत नाही.

आणि फार मोठ्ठं काही बांधायचा मोह झालाच तर एकदा अजिंठ्याला जाऊन या. जपानी कर्जाच्या मदतीनं अजिंठा आणि वेरूळ इथं भव्य अभ्यागत केंद्रं बांधली गेली. मूळ लेण्यांवरचा ताण कमी व्हावा म्हणून आत लेण्यांच्या प्रतिकृती उभ्या केल्या. कल्पना चांगली, काम देखणं. पुढं विजेची आणि पाण्याची बिलं थकली आणि केंद्रं बंद पडली. दोन हजार वर्षं लेणी टिकली, प्रतिकृतींना दहा वर्षं जड गेली. फरक इतकाच की मूळ लेण्यांना मीटर नाही.

महोत्सव, ब्रीदवाक्य, आकडेवारी

महोत्सव डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात घ्यावा, म्हणजे गावात एकही खोली शिल्लक नसताना पर्यटक वाढवता येतात. जून-जुलैत घेऊ नये. तेव्हा पर्यटकांची खरंच गरज असते. होडी वाहतूक बंद, मासेमारी बंद, घरगुती खानावळीचा गॅस बंद, आणि तरीही पावसाळ्यातलं कोकण पाहायला येणारे वेडे असतातच. त्यांना काय दाखवायचं याचा विचार करावा लागेल, आणि महोत्सवाला विचार परवडत नाही.

ब्रीदवाक्यात 'निसर्गरम्य' हवं. पर्यटकांची संख्या होड्यांच्या तिकिटांवरून काढावी, त्यात किनाऱ्यावरचे मिळवावेत, आणि गुणाकार करताना कॅल्क्युलेटर सभापतींच्या हातात द्यावा.

इथून पुढचा भाग ऐच्छिक

आतापर्यंतच्या सूचना पाळल्या तर तुमची पाच वर्षं निर्धोक जातील. पुढचं वाचायची सक्ती नाही. यात कोनशिला नाही, फीत नाही, फोटोही बरा येत नाही.

मालवण शहराच्या नळाला पाणी येतं ते धामापूरच्या तलावातून. हा तलाव १५३० चा. २०२० साली त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान मिळाला. ज्यांनी तो बांधला त्यांच्या डोळ्यांसमोर शेती होती. एसी खोलीत दिवसातून तीनदा शॉवर घेणारं कुटुंब नव्हतं. एप्रिल-मेमध्ये गाव भरतं तेव्हाच पाणी आटतं. मग किनाऱ्यालगतच्या विहिरींवर पंप चढतात, आणि किनाऱ्यालगतच्या जमिनीचा नियम असा की गोडं पाणी प्रमाणाबाहेर उपसलं की खालून खारं वर येतं. एकदा विहीर खारी झाली की ती शेजारच्या माडालाही पुरत नाही. एका गावाला मे महिन्यात किती खोल्या झेपतील, हा आकडा सल्लागाराच्या दोनशे पानांत शोधून पाहा. सापडला तर त्याचे पैसे वाढवून द्या.

जीवरक्षक. किनाऱ्यावरच्या बुडण्याच्या बातम्या सुट्टीच्या दिवशी येतात आणि त्यात बहुतेक बाहेरगावची तरुण मुलं असतात, ज्यांना भरती-ओहोटीचं वेळापत्रक कोणी दिलेलं नसतं. मे २०२२ मध्ये तारकर्लीला स्कूबा डायव्हिंगहून परतणारी बोट उलटून दोन पर्यटकांचा जीव गेला. वाचवायला धावले ते तिथलेच होडीवाले. अशा वेळी गावातला पोहणारा माणूस हाच आपला आपत्ती विभाग असतो, फक्त त्याला पगार नसतो. एका जीवरक्षकाचा वर्षाचा पगार एका हायमास्टपेक्षा जास्त नाही. पण हायमास्ट भांडवली खर्च आणि जीवरक्षक महसुली.

आणि आता ती बाटली.

वेंगुर्ल्यात इतर गावांसारखंच एक डम्पिंग ग्राउंड होतं, धूर निघणारं, नाक दाबून जायची जागा. तत्कालीन मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात नगरपरिषदेनं घराघरांतून कचरा वेगळा करून घ्यायला सुरुवात केली. मिसळलेला कचरा उचलायचा नाही, एवढा एक हट्ट धरला आणि सोडला नाही. ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस, प्लास्टिकचे तुकडे करून रस्त्याच्या डांबरात, काच वेगळी, चपला वेगळ्या, वीसहून जास्त प्रकारांत वर्गवारी. जागा मोकळी झाली तिथं झाडं लावली, भाजी लावली, आणि फलक लागला: स्वच्छ भारत पर्यटन स्थळ. माणसं खरोखर पाहायला येऊ लागली. राज्यातल्या नगरपरिषदांचे अभ्यास दौरे आले, शाळांच्या सहली आल्या. डच वखार, दीपगृह, सागरेश्वरचा किनारा असलेल्या गावात पाहुणे कचरा डेपो पाहून गेले.

ही हकीकत वाचून एखादा सदस्य म्हणेल की आपणही असा फलक लावू. थांबा. वेंगुर्ल्यात फलक शेवटी लागला. आधी रोज सकाळी गाडी आली, दुसऱ्या दिवशीही आली, पावसातही आली. कचरा वेगळा न देणाऱ्या प्रतिष्ठिताला परत पाठवताना नगरसेवकांनी मध्यस्थीचा फोन केला नाही, हे माझ्या मते या प्रयोगातलं सर्वांत अवघड काम होतं, आणि त्याला कोणताही निधी मंजूर झालेला नव्हता.

याच किनाऱ्यावर भोगव्याचंही उदाहरण आहे. 'ब्लू फ्लॅग' या आंतरराष्ट्रीय मानांकनासाठी देशातल्या ज्या मोजक्या किनाऱ्यांची पहिली निवड झाली त्यात महाराष्ट्रातून भोगवे होतं. २०२० मध्ये आठ भारतीय किनाऱ्यांना ते मिळालं, त्यात भोगवे नव्हतं. भोगव्याची वाळू काही कमी पांढरी नाही. पण हे मानांकन वाळूला मिळत नाही. पाण्याची नियमित तपासणी, कचऱ्याची विल्हेवाट, चालू असलेली स्वच्छतागृहं, जीवरक्षक, प्रथमोपचार, अपंगांना येण्याजोगी वाट, अशी रोज करायची कामं त्यात तपासली जातात, आणि तेही दरवर्षी नव्यानं. पाच वर्षांतून एकदा तपासणी व्हायची सवय असलेल्यांना हे अवघडच.

तरी घरगुती पाहुणचारात आपण कुठं कमी नाही. एमटीडीसीच्या न्याहरी निवास योजनेत नाव नोंदवून कित्येक घरांनी दोन खोल्या काढल्या आणि त्यावर मुलांची शिक्षणं केली. त्या घरांकडे नगरपरिषदेचं लक्ष जातं ते घरपट्टी निवासी लावायची की वाणिज्य, या वादापुरतं. त्या घरांतल्या बायकांना एकदा सभागृहात बोलवा. पर्यटक रात्री अकरा वाजता काय विचारतो, काय मागतो, कशाला कंटाळून एक दिवस आधी निघून जातो, हे त्या चहाच्या एका कपात सांगतील. त्यांच्या उत्तरांत काचेचा पूल येण्याची शक्यता कमी. पाणी, रस्त्यावरचा दिवा, भटकी कुत्री, आणि बसस्टँडवरून रात्री रिक्षा मिळत नाही, हे येईल.

तेव्हा नगरसेवक महोदय, महोदया, पहिल्या सर्वसाधारण सभेत आयत्या वेळच्या विषयांत एवढंच विचारा. किनाऱ्यावरच्या स्वच्छतागृहाची किल्ली कोणाकडे असते? तिथल्या टाकीत पाणी किती वाजेपर्यंत असतं? जीवरक्षकाचा पगार कोणत्या महिन्यापर्यंत झाला आहे? उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या, त्याची नक्कल मागा, आणि नक्कल हातात पडेपर्यंत कुठलीही फीत कापायला जाऊ नका.